पांढराफटक पडलेला तत्त्वज्ञ

ग्रीसहून इटलीकडे निघालेलं एक जहाज आयोनियन समुद्रात वादळात सापडलं. ही इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली गोष्ट. रात्रभर जहाजात पाणी शिरत होतं. लोक एकीकडे ते उपसत होते आणि दुसरीकडे आक्रोश करत होते. उजाडलं तरी वारा हटेना, उलट आभाळ आणखी काळवंडलं. प्रवाशांमध्ये स्टोइक या ग्रीक विचारपंथाचा, अथेन्समधला एक नावाजलेला तत्त्वज्ञ होता आणि औलस गेलियस नावाचा एक रोमन लेखकही होता. एवढ्या कल्लोळात या गेलियसला भलतीच उत्सुकता लागली: मन स्थिर ठेवण्याचे धडे देणारा हा माणूस आत्ता कसा दिसतोय? त्याने वळून पाहिलं. तत्त्वज्ञ इतरांसारखाच पांढराफटक पडला होता. रडत-ओरडत नव्हता, पण भीती चेहऱ्यावर साफ दिसत होती.

समुद्र शांत झाल्यावर नोकरचाकरांचा लवाजमा घेऊन निघालेला एक गडगंज प्रवासी तत्त्वज्ञाजवळ आला आणि त्याने डिवचलं. काय हो, तुमचा तर रंगच उडाला, मी बघा कसा घाबरलो नाही! तत्त्वज्ञाने एका जुन्या विचारवंताचं तिखट उत्तर ऐकवून त्याला वाटेला लावलं. आशय असा, की तुझ्या जिवाची किंमतच ती काय, तू कशाला घाबरशील. पण पुढे किनारा जवळ आल्यावर गेलियसने तोच प्रश्न अदबीने विचारला, तेव्हा त्याने आपल्या पिशवीतून एक पुस्तक काढून दिलं. एपिक्टेटस या स्टोइक गुरूच्या प्रवचनांचा पाचवा भाग. हा भाग आज हरवलेला आहे. त्यातला हा मुद्दा आपल्यापर्यंत पोचला, तो या एका घाबरलेल्या प्रवाशाच्या पिशवीमुळे.

मुद्दा असा: आभाळ कडाडलं, काही धाडकन कोसळलं, अचानक वाईट बातमी कानावर आली, की शहाण्यातला शहाणा माणूसही क्षणभर हादरतो, आक्रसतो, त्याचा रंग उडतो. विचार जागा होण्याआधीच शरीराने केलेली ती हालचाल असते. तिच्यात कमीपणा नाही. फरक पडतो तो पुढच्या क्षणी. कच्च्या मनाचा माणूस त्या पहिल्या दचक्याला होकार भरतो: ‘हो, हे खरंच भयंकर आहे.’ शहाणा तो होकार देत नाही.

स्टोइकांबद्दल मी जे काही वाचलं, त्यात या प्रसंगाने मला जितका दिलासा दिला तितका दुसऱ्या कशानेच दिला नाही. स्टोइक म्हटलं की डोळ्यांसमोर उभा राहतो तो दगडी चेहऱ्याचा माणूस. घरात काहीही होवो, याच्या डोळ्यांत टिपूस नाही. मोबाइलवर फिरणारी स्टोइक सुवचनंही त्याच थाटाची असतात: संगमरवरी पुतळ्याचा फोटो आणि खाली ‘कणखर बना’ छापाची दटावणी. असं वाचून आधीच घाबरलेला माणूस आणखी एका गोष्टीला घाबरायला लागतो, ती म्हणजे स्वतःचं घाबरणं. छातीत धडधडलं की मनात येतं, आपण कमकुवत आहोत. मग धडधड लपवायची. ती लपत नाही, म्हणून पुन्हा स्वतःवर चिडायचं.

लपवण्याने काय होतं हे प्रयोगशाळेत तपासलं गेलं आहे. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाने 1990च्या दशकात लोकांना शस्त्रक्रियेची अंगावर येणारी फिल्म दाखवली. काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही. काहींना सांगितलं, एखाद्या डॉक्टरच्या तटस्थ नजरेने बघा. पहिल्या गटाचा चेहरा कोरा राहिला, पण आतली किळस तेवढीच राहिली आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. दुसऱ्या गटाला मुळात किळसच कमी आली. भावना दाबणं वेगळं आणि भावनेच्या मुळाशी असलेलं आकलन बदलणं वेगळं. स्टोइक दुसऱ्या वाटेचे लोक होते. बदनाम मात्र झाले पहिल्या वाटेसाठी.

सेनेका या रोमन स्टोइकाने रागावर लिहिलेल्या ग्रंथात ही वाट पायरी-पायरीने उलगडली आहे. सेनेका काही आश्रमात बसलेला साधू नव्हता. दम्याने जेरीस आलेला, कॉर्सिका बेटावर आठ वर्षं हद्दपारी भोगलेला, पुढे सम्राट नीरोचा शिक्षक आणि सल्लागार झालेला आणि इ.स. 65 मध्ये त्याच नीरोच्या हुकमावरून स्वतःचा जीव द्यावा लागलेला माणूस. तो म्हणतो, गार पाणी अंगावर पडलं की शहारा येतो, तशी रागाची पहिली हालचाल येते. तिच्यावर आपला ताबा नाही. दुसरी पायरी म्हणजे मनात उमटणारं विधान: माझ्यावर अन्याय झाला आहे, मी याचा सूड घेतला पाहिजे. इथे अजून परतायची सोय असते. तिसऱ्या पायरीवर माणूस रागाच्या हाती जातो. आता योग्य-अयोग्याचा प्रश्न उरत नाही, काहीही झालं तरी सूड हवा. म्हणून सेनेकाचं रागावरचं औषध अगदी साधं आहे: थांबणं. राग सोडून दे असं तो आधी म्हणत नाही, जरा वेळ जाऊ दे म्हणतो.

दुसऱ्या पायरीवरचं ते विधान, ते मनातलं वाक्य, हीच पुढे जवळजवळ दोन हजार वर्षांनी मानसोपचाराची खरी कामाची जागा ठरली.

माणसाला अस्वस्थ करतात त्या घटना नव्हेत, तर घटनांबद्दलची त्याची मतं, हे एपिक्टेटसचं म्हणणं आता बरंच प्रसिद्ध आहे. जन्माने गुलाम, पायाने अधू, रोममध्ये नीरोच्या सचिवाच्या घरी वाढलेला हा माणूस. पुढे मुक्त झाला, सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकलून लावलं तेव्हा ग्रीसमध्ये निकोपोलिसला जाऊन शाळा काढून बसला. स्वतः एक ओळही लिहिली नाही. जे आहे ते ॲरियन या शिष्याने टिपून घेतलेलं. आपली शाळा म्हणजे वैद्याचा दवाखाना आहे, असं तो विद्यार्थ्यांना बजावत असे. इथून बाहेर पडताना मजा वाटता कामा नये, दुखलं पाहिजे, कारण तुम्ही आत आलात तेच काही धडधाकट म्हणून नव्हे.

फिलाडेल्फियातल्या ॲरन बेक यांच्या दवाखान्यात जे घडलं, ते एपिक्टेटसला ओळखीचं वाटलं असतं. बेक फ्रॉइडच्या पठडीत तयार झालेले मनोविश्लेषक. नैराश्य म्हणजे स्वतःवरच उलटलेला राग, हा सिद्धांत रुग्णांच्या स्वप्नांतून सिद्ध करायला निघाले होते. स्वप्नांत रागाऐवजी सापडलं ते हरणं, गमावणं, नाकारलं जाणं. त्याच काळात कोचावर पडून मोकळेपणी बोलणारी एक रुग्ण स्त्री अस्वस्थ होते आहे असं त्यांना दिसलं. तिच्या बोलण्यातल्या विषयामुळे तिला अपराधी वाटत असावं, असा अर्थ त्यांनी लावला. खोदून विचारल्यावर ती म्हणाली, बोलताना सारखं मनात येत होतं की मी तुम्हाला कंटाळा आणते आहे. वरच्या बोलण्याखाली हा दुसरा प्रवाह अखंड वाहत होता आणि तो कधी कोणी विचारलाच नव्हता. बेक यांनी अशा विचारांना आपोआप येणारे विचार म्हटलं आणि त्यांच्याभोवती उपचारपद्धती उभी केली. 1979 साली नैराश्याच्या उपचारांवर त्यांनी सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या पुस्तकात या पद्धतीचं मूळ स्टोइकांपर्यंत जातं, हे सरळ नोंदवलेलं आहे. 2021 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले, तोवर सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी उपचारपद्धती) हे नाव जगभरच्या दवाखान्यांत रुळलं होतं.

माझी या पद्धतीशी गाठ पडली ती एका कागदामुळे. समुपदेशक बाईंनी रकाने आखलेला एक साधा कागद पुढे सरकवला: प्रसंग, भावना शंभरपैकी किती, मनात आलेलं वाक्य, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, दुसरं शक्य वाक्य, आणि शेवटी पुन्हा भावना शंभरपैकी किती. मला तेव्हा हे शाळेच्या गृहपाठासारखं बालिश वाटलं होतं. प्रसंग लिहिला: वरिष्ठांचा निरोप, ‘उद्या जरा बोलायचंय.’ भावना: भीती, 80. वाक्याच्या रकान्यात मी लिहिलं, ‘काळजाचा ठोका चुकला.’ बाई म्हणाल्या, “हे शरीराचं झालं. वाक्य कुठाय?” मी लिहिलं, ‘काहीतरी चुकलं असणार.’ “बरं, चुकलं असेल. मग?” ‘मग त्यांना कळणार.’ “काय कळणार?” बराच वेळ गेला. मग जे वाक्य कागदावर उतरलं ते वाचून मी स्वतःच चमकले: ‘मला या कामातलं काही येत नाही, हे आता सगळ्यांना कळणार.’ इतकी वर्षं हे वाक्य माझ्या डोक्यात बिनभाड्याने राहत होतं आणि मी त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

पुराव्यांचे रकाने भरून झाल्यावर शेवटचा आकडा आला 45. शून्य नव्हे. याचं मला आधी वाईट वाटलं, पण बाईंना अजिबात नाही. 80च्या भीतीत माणूस रात्र जागून काढतो. 45च्या भीतीत तो उद्याच्या भेटीला काय विचारायचं, याची टिपणं काढू शकतो. एपिक्टेटस शिष्यांना सांगायचा की मनात कटू कल्पना उभी राहिली की लगेच तिला म्हणा, तू नुसती कल्पना आहेस, जशी दिसतेस तशी असशीलच असं नाही. मग तिची परीक्षा घ्या. तो कागद म्हणजे ही परीक्षाच होती, फक्त रकाने आखून.

अल्बर्ट एलिस हे याच घराण्यातलं दुसरं मोठं नाव. मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाणारी पद्धत त्यांची, 1955च्या सुमाराची, म्हणजे बेक यांच्याही आधीची. न्यूयॉर्कमधला हा तोंडाळ, विनोदी, वेळप्रसंगी शिवराळ गृहस्थ एपिक्टेटसचं ऋण उघडपणे मान्य करायचा. माझ्या मते दोघांतला खरा स्टोइक एलिस. बेक विचारतात, हे वाक्य खरं आहे कशावरून? एलिस विचारतात, समजा खरं निघालं, तर? समजा लोक हसले, तर? हसले म्हणजे तू संपलास, हा नियम कुठे लिहिला आहे? ‘असं व्हायलाच पाहिजे’, ‘लोकांनी माझ्याशी नीट वागलंच पाहिजे’ अशा ‘च’कारी आग्रहांवर त्यांचा खास डोळा. इच्छा ठेवा, हट्ट सोडा, असा त्यांचा रोख. पुरावा कधी आपल्या बाजूने असतो, कधी नसतो. नसेल तेव्हा बेक यांच्या प्रश्नाने काम भागत नाही, एलिस यांचा प्रश्न लागतो.

आणि एलिस नुसत्या वादविवादावर थांबत नसत. लाजेवर ते इलाज करायला लावत. केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखं रस्त्याने फिरवून आणा, आगगाडीच्या डब्यात उभं राहून पुढचं स्टेशन मोठ्याने पुकारा. लोक बघतील, हसतील, आणि मग काही होणार नाही. हे वाचलं तेव्हा मला आठवली ती झेनोची गोष्ट. जहाज फुटून अथेन्सला आलेला व्यापारी झेनो, ज्याने पुढे इ.स.पू. 300च्या सुमारास तिथल्या चित्रांच्या ओसरीत स्टोइक पंथ सुरू केला, तो आधी क्रेटिस नावाच्या फटकळ तत्त्वज्ञाचा शिष्य होता. झेनो फार लाजाळू. क्रेटिसने त्याच्या हाती मसुराच्या आमटीचं मडकं दिलं आणि भर वस्तीतून न्यायला सांगितलं. झेनो ते वस्त्राआड लपवू लागला. गुरूने काठीने मडकंच फोडलं. आमटी पायांवरून ओघळतेय आणि झेनो पळत सुटलाय, आणि मागून क्रेटिस ओरडतोय: अरे पळतोस कशाला, तुला काहीही भयंकर झालेलं नाही! मानसोपचाराच्या इतिहासातला हा पहिला गृहपाठ म्हणायला माझी हरकत नाही. केळं काय आणि आमटी काय.

चिंतेबद्दल थोडं. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ हे आपल्याला सांगायला कोणा रोमनाची गरज नाही. आपण प्रत्यक्षापेक्षा कल्पनेत जास्त सोसतो, असं सेनेकाने ल्युसिलियस या मित्राला पत्रात लिहिलं, त्याचा अर्थ तोच. गंमत अशी की हेच स्टोइक दुसरीकडे संकटांची आधीच कल्पना करून ठेवायलाही सांगतात. विसंगती वाटते, पण चिंता करणं आणि संकट पाहून ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिंता नेहमी ‘असं झालं तर...’ पाशी येऊन थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. गोष्ट शेवटपर्यंत जातच नाही. सेनेका ती शेवटपर्यंत नेतो: नोकरी गेली, बरं, मग पहिल्या आठवड्यात काय, दुसऱ्या महिन्यात काय, कोणाकडे मदत मागशील? थेरपिस्टही हेच विचारत राहतात. शेवटपर्यंत गेलेली भीती बहुतेक वेळा एखाद्या कंटाळवाण्या कामांच्या यादीत रूपांतरित होते.

आता ज्या ठिकाणी मी या मंडळींशी अडते तिथे येते. दुःखाचं मूळ घटनेत नाही, तुझ्या मतात आहे, हे वाक्य चुकीच्या तोंडून आलं तर फार क्रूर होतं. घरात मार खाणाऱ्या बाईला हे ऐकवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. एपिक्टेटसने हे म्हटलं तेव्हा त्याच्या बोलण्यामागे गुलामीचा अनुभव होता, ज्या माणसाला खरोखरच सुटायची वाट नव्हती त्याचा. ज्याला वाट आहे त्याने आधी वाट धरावी, मतं नंतर तपासावीत. इथे आधुनिक पद्धत जुन्या गुरूपेक्षा मला जास्त प्रामाणिक वाटते. त्या कागदावर ‘बाजूचा पुरावा’ असाही रकाना असतो. तो भरभरून वाहिला, तर नीट थेरपिस्ट वाक्य बदलायला सांगत नाही. तक्रार कुठे करायची, राहायचं कुठे, पैशांची सोय काय, यावर बोलायला लागतो. तीव्र नैराश्यात औषधंही लागतात. नुसत्या वाक्यांशी कुस्ती खेळण्याइतकंही बळ कधी कधी उरलेलं नसतं.

शिवाय स्टोइकांना मनःशांती हवी होती ती सद्गुणाच्या ओघात आलेली. विश्वाचा कारभार विवेकाने चालतो यावर त्यांची श्रद्धा होती. थेरपीने अवजारं उचलली आणि ती श्रद्धा मागे ठेवली. हे बरं झालं की वाईट, यावर माझं मत अजून पक्कं नाही. श्रद्धेची सक्ती नसल्यामुळे कोणालाही दार उघडं राहिलं, हे खरं. पण सेनेका रोज रात्री दिवा मालवल्यावर, बायकोही त्याची सवय ओळखून गप्प झाल्यावर, सबंध दिवस तपासत बसायचा, तेव्हा त्याचा प्रश्न ‘मला आज कसं वाटलं’ हा नव्हता. आज मी त्या माणसाला नको इतकं स्पष्ट बोललो, त्यामुळे तो सुधारला तर नाहीच, दुखावला मात्र गेला, अशी ती तपासणी. आणि त्यावर स्वतःला सुनावलेला निकाल: पुन्हा असं करू नकोस, या वेळी तुला माफ केलं. स्वतःच्या अंगावर धावून जाणाऱ्या आजच्या माणसांना तपासणीपेक्षा हे माफ करणं जास्त शिकवायला हवं.

सगळ्यात जड जातं ते शोकाच्या बाबतीत. मुलाचा मुका घेताना हा मर्त्य आहे असं स्वतःला सांग, म्हणजे तो गेल्यावर कोसळणार नाहीस, हा एपिक्टेटसचा सल्ला मला कधीही मानवलेला नाही. तो बोलला ते बालमृत्यू घरोघरी होणाऱ्या काळात, हे कळतं. सम्राट मार्कस ऑरेलियसने आपली किती तरी मुलं पुरली आणि तरी स्वतःसाठीच्या टिपणांत तो तीच शिकवण पुन्हा पुन्हा लिहीत राहिला, हेही वाचलं आहे. पण इतकं पुन्हा पुन्हा लिहावं लागतं याचा अर्थ ते आत उतरत नसावं, असंच मला वाटतं. सेनेका इथे जास्त खरा बोलतो. ल्युसिलियसचा मित्र वारला तेव्हा त्याने सांत्वनाचं पत्र लिहिलं: डोळ्यांतून पाणी येऊ दे, त्याचा पूर येऊ देऊ नकोस, वगैरे. आणि मग त्याच पत्रात पुढे लिहून टाकलं, की हे सांगणारा मी स्वतः सेरेनस या मित्रासाठी इतका बेसुमार रडलो, की शोकापुढे हरलेल्या माणसांच्या उदाहरणांत आता माझंही नाव घालावं लागेल. सेरेनस त्याच्यापेक्षा वयाने लहान होता. तो आपल्याआधी जाऊ शकेल, हे सेनेकाच्या कधी मनातच आलं नव्हतं.